यंत्राला दाता मिळतो, भाड्याला मिळत नाही

पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचं गाव आहे. कमी पावसाचं, कोरडवाहू. २००२ साली या गावात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने एक आगळी प्रयोगशाळा सुरू झाली. संगणकावर आराखडा काढायचा, तो यंत्राकडे पाठवायचा आणि लाकूड, ॲक्रिलिक किंवा तांब्याचा पत्रा त्याबरहुकूम कापून घ्यायचा, अशी तिथली सोय. एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी मांडलेल्या ‘फॅब लॅब’ या कल्पनेची ही एमआयटीबाहेरची पहिली लॅब मानली जाते. आज अशा लॅब शंभराहून अधिक देशांत आहेत आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे. मग त्यांतली पहिली लंडन-टोकियो सोडून पाबळला कशी आली?

कारण पाबळला काम आधीपासून चालू होतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., मग म्हैसूरची अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था, पुढे हिंदुस्थान लिव्हरचं संशोधन केंद्र. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करत शिकवायचं, हा त्यामागचा विचार. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती, कुक्कुटपालन, माती-पाण्याची तपासणी असं सगळं थोडंथोडं यायला हवं, एकाच कामात अडकून पडायचं नाही, असा आग्रह. फॅब लॅबची यंत्रं आली तेव्हा या वर्कशॉपला एकोणीस वर्षं झाली होती. दुधाचा कस स्वस्तात कसा मोजायचा, डिझेल इंजिनाचं टायमिंग नेमकं कसं पकडायचं, असे प्रश्न गावाकडे तयारच होते. प्रश्न होते, ते सोडवायला बसणारी मुलं होती, त्यांना शिकवणारे हात होते. यंत्रं सगळ्यांत शेवटी आली.

हा क्रम लक्षात ठेवायला हवा. सामुदायिक वर्कशॉप, मेकरस्पेस, फॅब लॅब, टिंकरिंग लॅब अशा वेगवेगळ्या नावांनी जे काही उभं राहतं, त्यातलं बरंचसं नेमक्या उलट्या क्रमाने उभं राहतं. आधी यंत्रांची यादी होते. मग त्यांच्यासाठी जागा शोधली जाते. मग उद्घाटन होतं. ती चालवायची कोणी आणि दर महिन्याच्या १ तारखेला भाडं कुठून भरायचं, हे प्रश्न सहा महिन्यांनी समोर येतात. वर्कशॉप सुरू करण्यापेक्षा ते वाढवणं अवघड जातं ते यामुळेच. आणि अवघड असूनही वाढवायला हवं, कारण दोनशे माणसांनी मिळून एक चांगलं लेथ वापरणं ही साध्या माणसाच्या आवाक्यातली फार मोठी गोष्ट आहे. एकट्याला ते विकत घेणं जन्मात जमत नाही.

कलबागांनी यंत्रांइतकाच विचार पैशांचाही केला होता. आश्रमाचा अभ्यासक्रम पुढे महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये आठवी ते दहावीसाठी गेला: आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. त्याची जी तत्त्वं ठरली, त्यांत दोन थेट पैशांशी निगडित आहेत. पहिलं असं की विद्यार्थ्यांनी शिकताशिकता गावाला लागणारी कामं करून द्यायची. दुसरं असं की शिकवणारा निदेशक हा स्वतः उद्योजक असावा. गावातलाच वेल्डर, वायरमन किंवा नर्सरी चालवणारी बाई आठवड्यातून एक दिवस शाळेत शिकवणार आणि उरलेले दिवस स्वतःचा धंदा करणार. शाळेवर पूर्ण पगाराचा बोजा नाही आणि मुलांना शिकवणारा माणूस रोज बाजारात उभा असलेला.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा, एका शेतकऱ्याला गोठ्यासाठी शेड हवी आहे. मुलं टेप घेऊन जागेवर जातात. लांबी, रुंदी, उतार, खांबांतलं अंतर वहीत उतरतं. वर्कशॉपमध्ये येऊन कटिंग लिस्ट तयार होते: कोणत्या मापाचे किती तुकडे, सहा मीटरच्या एका नगातून किती निघतील, वाया किती जाईल. ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटरचा लोखंडी अँगल मीटरला साधारण २.६ किलो भरतो. म्हणजे मीटरांचे किलो करता येतात, किलोंचे रुपये करता येतात. त्यात वेल्डिंग रॉड, वीज, रंग, मजुरी आणि वाहतूक धरून कोटेशन बनतं. नववीतल्या मुलाला गुणाकार, भूमिती, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हे सारं एका शेडमध्ये शिकायला मिळतं. वर्कशॉपच्या खात्यावर चार पैसे जमा होतात ते वेगळेच. शिक्षण आणि कमाई इथे एकाच कामातून होतात. अशा कामातून सगळा खर्च निघतो असं नाही, पण देणगीवरचं ओझं हलकं होतं. आणि गावाला हे वर्कशॉप आपलं वाटायला लागतं.

युरोपातली वाट वेगळी. तिथे संगणकाच्या नादी लागलेल्या मंडळींनी वर्गणी काढून जागा घेतल्या. बर्लिनमधलं ‘सी-बेस’ १९९५चं, व्हिएन्नातलं ‘मेटालॅब’ २००६चं. २००७च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले काही जण जर्मनीतल्या एका शिबिराला आले, या जागा पाहून भारावले आणि परत जाऊन त्यांनी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्कोत तसेच अड्डे सुरू केले. या जागा सरकारी अनुदानावर नाही, सभासदांच्या महिन्याच्या वर्गणीवर चालतात. त्यांच्यात एक साधा दंडक रूढ आहे: बँकेत नेहमी किमान तीन महिन्यांचं भाडं शिल्लक असायला हवं. नवं यंत्र कितीही खुणावत असलं तरी त्या शिलकीला हात लावायचा नाही. शाळेच्या बचत गटालाही पटेल असा हा नियम, पण मोठमोठ्या कंपन्यांना तो पाळता आलेला नाही.

‘टेकशॉप’चं उदाहरण यासाठी बारकाईने पाहायला हवं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये जिम न्यूटन यांनी हे वर्कशॉप सुरू केलं. व्यायामशाळेसारखी महिन्याची वर्गणी भरायची आणि मिलिंग यंत्र, लेझर कटर, वेल्डिंग, शिवणयंत्र असं हवं ते वापरायचं. कल्पना लोकांना भावली. क्रेडिट कार्ड स्वीकारणाऱ्या ‘स्क्वेअर’ या छोट्या उपकरणाचा सुरुवातीचा नमुना तिथेच घडला. पुढे फोर्डसारखी मोटार कंपनी डेट्रॉइटजवळच्या शाखेसाठी पुढे आली, ॲरिझोनातल्या शाखेला विद्यापीठाची साथ मिळाली, अमेरिकेत दहा शाखा झाल्या, जपान आणि फ्रान्समध्ये परवाना देऊन वर्कशॉपं निघाली.

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या सगळ्या शाखांची दारं एका दिवसात बंद झाली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सभासदांना आगाऊ सूचना नव्हती. अनेकांची अर्धवट कामं आणि हत्यारं आत अडकली. वर्षाची वर्गणी एकरकमी भरलेले लोक रस्त्यावर उभे राहिले.

कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी सभासदांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ कबुली होती. स्वतःच्या मालकीच्या वर्कशॉपांची नफ्यासाठी चालवलेली साखळी बाहेरच्या मदतीशिवाय टिकू शकत नाही. शहरं, कंपन्या, प्रतिष्ठानं यांचा पैसा लागतोच. आणि तो पैसा ना-नफा संस्थांना मिळतो, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला तितक्या सहज मिळत नाही, असा त्याचा आशय होता. यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. परवान्यावर चालणारी परदेशातली वर्कशॉपं त्या दिवशी बंद पडली नाहीत, कारण त्यांचा चालू खर्च तिथल्या भागीदारांच्या अंगावर होता. बुडाली ती ज्यांचं भाडं आणि पगार मूळ कंपनी देत होती ती. प्रत्येक नवी शाखा उघडताना उभारणीचा पैसा उभा राहत होता. चालू खर्चाची तोंडमिळवणी मात्र होत नव्हती. लोकांना ही जागा हवी होती, यात शंका नाही. हवी असणं आणि तिचा पूर्ण खर्च वर्गणीतून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे गणित महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. दीड हजार चौरस फुटांची शेड, भाडं ३०,००० रुपये. वीज १०,०००. पूर्णवेळ तंत्रज्ञ २५,०००, मदतनीस १२,०००. साहित्य आणि दुरुस्ती १५,०००. इंटरनेट, विमा, हिशेबनीस मिळून ८,०००. महिन्याचा खर्च बरोबर एक लाख. जमेच्या बाजूला ६० सभासद, प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे ४२,०००. महिन्यातून दोन अभ्यासवर्ग, प्रत्येकी बारा जण, १,२०० रुपये फी, म्हणजे २८,८००. बाहेरचं जॉबवर्क १५,०००. एकूण ८५,८००. दरमहा १४,२०० रुपये कमी पडतात, म्हणजे वर्षाला १,७०,४०० रुपये. एखादी स्थानिक कंपनी, माजी विद्यार्थी संघ किंवा चार सधन हितचिंतक ही तूट भरून काढू शकतात. गाडी चालते.

आता गर्दी होऊ लागते. शनिवारी लेझर कटरसाठी रांग लागते, सुतारकामाच्या टेबलावर जागा मिळत नाही. शेजारचा तेवढाच गाळा रिकामा होतो आणि कार्यकारिणीत उत्साह संचारतो. घेतला तर काय होईल? भाडं ६०,०००. दुसरा तंत्रज्ञ हवाच, म्हणजे दोघांचे ५०,०००. मदतनीस तेवढाच, १२,०००. वीज १६,०००, साहित्य-दुरुस्ती २२,०००, इतर १०,०००. खर्च एक लाखावरून एक लाख सत्तर हजारांवर गेला. तो त्या महिन्यातच गेला. सभासद मात्र हळूहळू येणार. वाढलेला सत्तर हजारांचा खर्च निव्वळ वर्गणीतून भरायचा तर आणखी १०० सभासद हवेत. सोडून जाणारे वजा करून महिन्याला पाच सभासद वाढले, तरी वीस महिने लागतील. या वीस महिन्यांतली जादा तूट एकत्र केली तर ती ६,६५,००० रुपये होते, आणि आधीची तूट तर चालूच आहे.

हा साडेसहा लाखांचा खड्डा एकाही प्रस्तावात दिसत नाही. प्रस्तावात नवी यंत्रं असतात, रंगीत आराखडा असतो, लाभार्थ्यांची संख्या असते. पण वाढ करताना वर्कशॉपं मरतात ती या मधल्या महिन्यांतच. म्हणून वाढीसाठी पैसे मागताना यंत्रांच्या किमतीशेजारी हा आकडा ठळकपणे मांडायला हवा. देणाऱ्याला तो समजतो. त्याने स्वतःचा धंदा वाढवताना खेळतं भांडवल उभं केलेलंच असतं.

आणि कधी कधी वाढ करायचीच नसते. शनिवारची रांग पाहून दुसरा गाळा घेण्याआधी यंत्राची नोंदवही उघडावी. आठवड्यात लेझर कटर प्रत्यक्ष किती तास चालला? बहुतेकदा शनिवार-रविवार भरलेले आणि मंगळवार ते गुरुवार दुपार मोकळी, असं चित्र निघतं. मग जागा वाढवण्याऐवजी वेळ वाढवणं, रात्री दहापर्यंत उघडं ठेवणं, दुपारचा वेळ आयटीआयच्या किंवा शाळेच्या तुकडीला फी घेऊन देणं हे कितीतरी स्वस्त पडतं. नोंदवही नसेल तर वाढीचा विचारच करू नये, इतकी ती महत्त्वाची आहे.

जागेचा करार हा दुसरा दुर्लक्षित विषय. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सवय आहे. कचेरीसाठी ते चालतं, कारण टेबल-खुर्च्या उचलून दुसरीकडे नेता येतात. वर्कशॉपचं तसं नाही. थ्री फेज जोडणी, महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार, अर्थिंग, धूर बाहेर काढणारे डक्ट, जड यंत्रांसाठी केलेला काँक्रीटचा पाया हे सगळं मालकाच्या भिंतीत आणि जमिनीत जातं. अकरा महिन्यांनी मालकाने भाडं दीडपट मागितलं तर संस्थेचा हात दगडाखाली असतो. करार पाच वर्षांचा मागावा, नोंदवून घ्यावा, दरसालची भाडेवाढ आधीच ठरवावी आणि त्या मुदतीत मालकाला जागा रिकामी करून मागता येणार नाही, असं कलम घालून घ्यावं. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा शाळेची पडून असलेली इमारत मिळाली तर उत्तमच, पण तीही लेखी. तोंडी शब्दावर मिळालेली जागा निवडणुकीनंतर हातची जाते.

माणसाचा पगार हा सर्वांत कठीण खर्च, आणि तो का टाळता येत नाही हे एका यंत्राजवळ उभं राहिल्यावर समजतं. स्वस्त लेझर कटरमध्ये काचेची नळी असते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. किरण तीन आरशांवरून वळत भिंगातून खाली उतरतो. आरशावर धुराचा पातळ थर बसला की किरणाचा जोर कमी होतो. मुलं वेग घटवतात, प्लायवूड काळं पडतं, कोणीतरी पॉवर वाढवतं आणि नळीचं आयुष्य आणखी घटतं. कापसाच्या बोळ्याने, योग्य द्रावणाने आरसे आणि भिंग पुसणं हे काही मिनिटांचं काम आहे, पण ते नेमाने करणारा कोणीतरी लागतो. नळीभोवती थंड पाणी फिरतं. पंप बंद पडला आणि कोणाचं लक्ष नसलं तर नळी तडकते. नवी नळी म्हणजे हजारोंचा खर्च, आणि ती येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचं.

याहून मोठा धोका साहित्याचा. एखादा सभासद रेक्झिनचा तुकडा आणतो, पर्स बनवायची असते. रेक्झिनवर पीव्हीसीचा थर असतो. लेझरने तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्राच्या पोलादी पट्ट्यांना गंज चढवणारा. हे ओळखून “हे इथे नाही चालणार” असं सांगायला तिथे जाणता माणूस हवा. नव्या सभासदाला तासभर शिकवून, छोटी परीक्षा घेऊनच यंत्राला हात लावू द्यायचा, ही शिस्तही तोच पाळतो. या माणसाचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापला जातो तेव्हा फार वाईट वाटतं. खरं तर तोच त्या वर्कशॉपचा मुख्य कार्यक्रम असतो.

पैसा येतो कुठून, याचं उत्तर भारतात गेल्या दहा वर्षांत बरंच बदललं आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली आणि दहा हजार लॅब झाल्या. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. या योजनेत प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान ठरलं: दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालू खर्चाला. यंत्रांइतकाच पैसा चालवण्यासाठी, ही या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. ज्या शाळांनी पाच वर्षांत गावातले कारागीर, पालक आणि जवळचे कारखाने लॅबशी जोडून घेतले असतील, त्यांना तो सोपा जाईल. बाकीच्यांच्या थ्रीडी प्रिंटरवर आच्छादन पडेल.

दुसरा मोठा स्रोत कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी, म्हणजे सीएसआर. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. शिक्षण आणि व्यवसाय कौशल्यं त्या यादीत आहेत. मात्र १ एप्रिल २०२१ पासून निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ या नमुन्यात नोंदणी लागते, आणि १२ए व ८०जीच्या आयकर नोंदण्याही. नियमांतली एक तरतूद वर्कशॉपवाल्यांनी नीट वाचावी. सीएसआरमधून घेतलेलं यंत्र कंपनीच्या मालकीचं राहू शकत नाही, ते संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या नावावर होतं. म्हणजे त्याची दुरुस्ती, विमा आणि जागा हेही कायमचं संस्थेकडे येतं. दुसरी तरतूद अशी की प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडता येतो आणि सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू शकतो. तरीही बहुतेक संस्था मार्चअखेरच्या घाईत एका वर्षाचा, फक्त यंत्रांचा प्रस्ताव देऊन मोकळ्या होतात. तीन वर्षांचा तंत्रज्ञाचा पगार मागायला कायद्याची आडकाठी नाही.

जॉबवर्कच्या कमाईलाही एक कुंपण आहे. ‘सामान्य लोकोपयोगी’ या वर्गात नोंदलेल्या धर्मादाय संस्थेचं धंदेवाईक उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेलं, तर करसवलत धोक्यात येते. शिक्षण हा हेतू असलेल्या संस्थांची स्थिती वेगळी असते. घटना लिहितानाच चार्टर्ड अकाउंटंटला बसवलं तर पुढचा मनस्ताप वाचतो. कायद्याइतकाच मनुष्यस्वभावाचाही विचार हवा. गणपतीच्या आधी मखरांच्या ऑर्डरींनी लेझर कटर महिनाभर अडकला आणि सभासदांना वेळच मिळाला नाही, तर वर्गणी भरणारे पुढच्या महिन्यात येत नाहीत. कमाईच्या कामासाठी यंत्राचे तास आधीच आखून ठेवावे लागतात.

मुंबईत २०१३ मध्ये वैभव छाब्रा यांनी सुरू केलेल्या ‘मेकर्स असायलम’ची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. मुंबईसारख्या शहरात जागेचं भाडं वर्गणीतून काढणं किती अवघड, हे सांगायला नको. या संस्थेने अभ्यासक्रम आणि शैक्षणिक शिबिरांवर भर दिला. २०२०च्या टाळेबंदीत तिथे फेस शील्डचा आराखडा तयार झाला, तो देशभरच्या वर्कशॉपांना वाटला गेला आणि ४९ दिवसांत ४२ शहरं-गावांतून मिळून दहा लाख फेस शील्ड तयार झाली. अशा जागा हौशी लोकांच्या आहेत, असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. पुढे संस्था गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या मोइरा गावी गेली. शहर सोडणं हाही वाढीच्या नियोजनाचाच भाग असू शकतो.

लोकांना न विचारता केलेल्या नियोजनाचं काय होतं, ते बार्सिलोनात दिसलं. त्या महापालिकेने २०१३ पासून वस्त्यावस्त्यांत सार्वजनिक फॅब लॅब सुरू करायचं ठरवलं. त्यांतली एक सिउतात मेरिदियाना या गरीब, बेकारीने पिचलेल्या वस्तीत, ज्या इमारतीत अन्नवाटप केंद्र होतं तिथे. माणसं चिडली आणि त्यांनी इमारतच ताब्यात घेतली. ज्यांच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत होती त्यांना थ्रीडी प्रिंटर दाखवला गेला होता. वाटाघाटी झाल्या, आणि लॅबने वस्तीच्या गरजांकडे, रोजगाराकडे तोंड वळवलं, तेव्हा कुठे ती तिथे रुजली.

ऑस्ट्रेलियात उलट घडलं. तिथे निवृत्त, एकाकी पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ नावाची सुतारकामाची वर्कशॉपं नव्वदच्या दशकात निघाली. २००७ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि आज अशा शेडांची संख्या हजारावर आहे. हत्यारं आणि डागडुजीसाठी त्यांना केंद्र सरकार छोटी अनुदानं देतं, तेही आरोग्य खात्यातून. म्हातारपणी हाताला काम आणि बोलायला माणूस मिळाला की तब्येत बरी राहते, हे त्या खात्याने मान्य केलं आहे. आपल्याकडे वर्कशॉपसाठी पैसा शोधताना शिक्षण आणि उद्योग ही दोनच दारं ठोठावली जातात. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांगांची साधनं, कृषी अवजारं, बचत गट अशी कितीतरी दारं आहेत, आणि एकाच छताखालच्या वर्कशॉपला ती सगळी लागू पडतात.

चालू खर्चाची तरतूद आधी, इमारत नंतर, ही गोष्ट नवी नाही. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. त्याच्या अटी दोनच असत. जागा गावाने द्यायची आणि दरवर्षी देणगीच्या १० टक्के रक्कम गावाने ग्रंथालय चालवण्यासाठी करातून उभी करायची. कबूल नसेल तर इमारत नाही. काही गावांनी नकार दिला. ज्यांनी होकार दिला, त्यांच्याकडे ग्रंथपालाचा पगार पहिल्या दिवसापासून ठरलेला होता.

महाराष्ट्राकडे तर याहून जवळचं उदाहरण घरातच आहे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना शासनमान्यता दिली, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली आणि वर्गानुसार दरवर्षी परिरक्षण अनुदान सुरू केलं. पुस्तकखरेदी, वर्तमानपत्रं, जागा आणि कर्मचाऱ्याचं वेतन यांसाठीचा हा पैसा. अनुदान अपुरं आहे, उशिरा मिळतं, ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या तक्रारी जुन्या आणि रास्त आहेत. तरीही या व्यवस्थेमुळे हजारो वाचनालयांचे दिवे संध्याकाळी लागतात. सामुदायिक वर्कशॉपांसाठी असंच परिरक्षण अनुदान का नसावं? वर्गवारीचे निकष ठरवणं कठीण नाही. आठवड्यात किती तास उघडं असतं, नोंदलेले सभासद किती, त्यांत महिला आणि शाळकरी मुलं किती, यंत्रं नोंदवहीनुसार प्रत्यक्ष किती तास चालली, प्रशिक्षित तंत्रज्ञ पूर्णवेळ आहे की अर्धवेळ. ‘ड’ वर्गासाठी एक शेड, सुतारकामाचं आणि वेल्डिंगचं साहित्य, आठवड्याला वीस तास आणि अर्धवेळ तंत्रज्ञ पुरे. तालुक्याच्या ठिकाणी ‘ब’ वर्गाचं वर्कशॉप असेल तर आसपासच्या गावांतली ‘ड’ वर्गाची वर्कशॉपं लेझर आणि लेथच्या कामासाठी तिथे येतील. प्रत्येकाने प्रत्येक यंत्र घ्यायची गरज उरणार नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने सर्वांत आधी यंत्रांची नोंदवही मागावी, आणि तिच्यात मंगळवार दुपारचे रकानेही भरलेले आहेत का ते पाहावं.